मशीन हवेत असताना

छापखान्याचा फोरमन निरोप घेऊन आला तेव्हा आत्या शेडमध्ये चेनपुलीच्या साखळीला तेल देत बसली होती. आत यावं की न यावं अशा बेताने तो दारातच घुटमळला. मग एकदाचं म्हणाला, "मालकांनी बोलावलंय. मोठं मशीन खचलंय."

"कुठले मालक?" आत्याने मान वर न करता विचारलं. ठाऊक असूनही विचारलं.

"तुमचे जावई."

कोपऱ्यात ओंडके रचणाऱ्या गेंड्याचे हात थांबले. गेंडा म्हणजे आत्याचा भाचा, तिच्या थोरल्या भावाचा मुलगा. लहानपणी तो मान खाली घालून दारावर धडका द्यायचा, तेव्हा पडलेलं नाव अंगाबरोबर वाढत गेलं होतं. त्याचे वडील, म्हणजे आत्याचा दादा, ट्रकचं बॉनेट उघडून उभे होते. त्यांनी ते हळूच खाली टेकवलं.

"बस," आत्या फोरमनला म्हणाली. "नीट सांग."

फोरमनने सांगितलं. छापखान्याच्या जमिनीखालून जुनं गटार जायचं. ते आत ढासळलं आणि सकाळी मशीनचा मागचा एक पाय फरशी फोडून गुडघाभर खाली गेला. मशीन मागच्या भिंतीवर रेललं. भिंतीला तडा गेला. अवजड सामान हलवणारे दोन ठेकेदार येऊन बघून गेले, पण हात लावायला कुणी तयार झालं नाही. दोघांनी एकच सांगितलं, हे काम आत्याचं.

"भिंतीपलीकडे काय आहे?"

"घर. मधली खोली. ताई आणि छोटी तिथंच असतात." फोरमनने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाहेर कुठं येतात त्या."

"कशी आहे ती?"

"मी कधी आत जात नाही, आत्या. कानावर येतं तेवढंच. तेवढंच पुष्कळ आहे."

तो निघून गेला. त्याची ताई म्हणजे चिमी, गेंड्याची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून आत्याच्या हाताखाली वाढलेली. लग्नानंतर पहिलं वर्ष बरं गेलं. मग तिचे फोन कमी झाले, मग फोन नवराच उचलू लागला. दादा दोनदा जाऊन आले. एकदा ती झोपली होती, एकदा बाहेर गेली होती. चौकीत विचारलं तर म्हणाले, नवरा-बायकोचं आहे, तिला येऊन सांगू दे. येऊन सांगायला ती बाहेर पडायला तर हवी.

"जाऊ या," दादा म्हणाले. "काम चोख करून देऊ. माणूस अडलाय, अशा वेळी चार शब्द गोडीने बोलले तर ऐकेल. दर रविवारी पोरीला घरी पाठवा म्हणू."

"रविवारी?" गेंड्याने हातातला ओंडका टाकला. "बाबा, तुम्ही त्याच्याकडे पोरगी मागायला जाताय की सुट्टी? अडलाय ना? पडू दे मशीन. मी जातो, दार फोडतो आणि चिमीला उचलून आणतो."

"आणि तू आत जातोस. त्या मालधक्क्यावरच्या माणसाचा जबडा अजून नीट मिटत नाही. जामिनावर आहेस, विसरलास?"

"त्याचा जबडा मिटत नाही आणि आपलं तोंड उघडत नाही. सारखंच झालं."

दादांना राग आला की ते चष्मा काढून पुसत. आता त्यांनी तो काढला. "आत्या, तू सांग त्याला."

सख्खा भाऊसुद्धा तिला आत्याच म्हणायचा. अवजड सामान हलवणारी तिची सगळी टोळी म्हणायची, गिऱ्हाइकंही म्हणायची. वडील गेले आणि टोळी तिच्याकडे आली तेव्हा लोक म्हणाले होते, म्हाताऱ्याचं बळ नातवात उतरलं आणि डोकं लेकीत. आत्याला ही वाटणी कधीच पटली नव्हती. पन्नाशी उलटली तरी सिमेंटचं पोतं ती एका झोक्यात खांद्यावर घ्यायची. आणि गेंड्याला डोकं नव्हतं असंही नाही. ते फक्त त्याच्या हातांच्या मागून पोचायचं.

"मशीन पडू द्यायचं नाही," ती म्हणाली. "ते ज्या भिंतीवर टेकलंय तिच्या पलीकडं आपली पोर बसलीय."

गेंड्याने टाकलेला ओंडका उचलून परत रचला.

"जाऊ या. पण दादा, तू आत यायचं नाहीस. ट्रकपाशी थांब. तोंड रस्त्याकडे करून लाव."

"सामान उतरवायला पाठ लावावी लागते."

"सामान कसं उतरवायचं ते मी बघते. तू तोंड रस्त्याकडे कर."

दादांनी चष्मा परत घातला. तिच्याकडे पाहिलं. "तू काय करणार आहेस?"

"काम."

"आत्या, मला खरं सांग."

"खरंच सांगतेय. काम नीट करणार आहे. बाकीचं कामातूनच निघालं तर निघेल."

"आणि मी?" गेंड्याने विचारलं.

"तू पहारीवर."

गेंड्याला ते आवडलं नाही. पहार धरायला ताकद लागते, पण ती एकदा धरली की माणूस जागेवरून हलू शकत नाही. आत्याच्या मनात नेमकं तेच होतं. ते तिने सांगितलं नाही.

*

जावई दारातच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, मनगटावर शाईचा डाग. माणूस दिसायला वाईट नव्हता. बोलायला तर नाहीच. लग्न ठरलं तेव्हा आत्यालाही तो आवडला होता, आणि हे आठवलं की अलीकडे तिला स्वतःचाच राग यायचा.

"या आत्या. बरं झालं आलात. घरचं माणूस ते घरचं माणूस."

"मशीन दाखवा."

आत्याने मशीन खालपासून वरपर्यंत बघितलं. दोन खोल्यांएवढं धूड, एका बाजूला कललेलं, एक पाय फरशीच्या भोकात. भिंतीचा तडा छतापर्यंत गेला होता. तिने बोट घालून पाहिलं, बोटाचं पेर आत गेलं. मग वर पाहिलं. छताखाली जाडजूड तुळई होती आणि तुळईवर माळा.

"चेन ह्या तुळईला टांगावी लागेल. खचलेला पाय वर उचलायचा, भोकावर लोखंडी पत्रा टाकायचा, खाली ठोकळे सारायचे आणि परत बसवायचं. उचलताना मशीन पुढे घसरायला बघेल, म्हणून तिकडून पहार लावून एकाने अडवून धरायचं. होईल."

जावयाने सुस्कारा सोडला.

"पण घर रिकामं करा."

"म्हणजे?"

"ही भिंत कधीही आत बसेल. आणि सगळा भार ह्या तुळईवर येणार. पलीकडच्या खोलीत नको, माळ्यावर नको, कुणीच नको. सगळ्यांना रस्त्यावर काढा."

जावयाने तिच्याकडे टक लावून पाहिलं. आत्या तुळईकडे बघत होती. तिला डोळे चुकवायची गरज नव्हती, कारण ती एकही शब्द खोटं बोलत नव्हती. कुणाच्याही घरात तिने हेच सांगितलं असतं.

"तिला बरं नाही," तो म्हणाला. "ती मागच्या स्वयंपाकघरात बसेल."

"तुळई तिथपर्यंत जाते."

"एवढं काही होत नाही हो, आत्या."

"होत नसेल. पण माणूस खाली असताना मी साखळी ओढत नाही. माझ्या बापानं ओढली नाही. तुमच्या मनाला पटत नसेल तर दुसरं कुणी बघा." ती हात झटकत दाराकडे निघाली.

मागे मशीन करकरलं. भिंतीतून वाळूची बारीक धार फरशीवर सांडली. जावई त्या धारेकडे बघत राहिला आणि मग आत गेला.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या मागे त्याची आई होती आणि आईच्या मागे चिमी. छोटीला मात्र त्याने स्वतःच्या कडेवर घेतलं होतं.

आत्याला आधी चिमी ओळखूच आली नाही. गालफडं बसलेली, आणि इतक्या उकाड्यात लांब बाह्यांचा झगा. उन्हात आल्यावर तिने डोळ्यांवर हात धरला. बाही घसरली, तिने पटकन ओढली. गेंड्याने ते पाहिलं. त्याने पहारीवरची मूठ अशी आवळली की आत्याला त्याच्या खांद्यावर हात ठेवावा लागला.

"मशीनकडे बघ," ती हलकेच म्हणाली. "फक्त मशीनकडे."

चिमीजवळून जाताना ती थांबली नाही. चालता चालता एवढंच बोलली, "ऊन फार आहे गं. लेकराला घेऊन ट्रकमध्ये बस, सावली आहे."

चिमीची नजर ट्रककडे गेली. स्टिअरिंगमागे बसलेल्या वडिलांकडे गेली. मग नवऱ्याच्या कडेवरच्या मुलीकडे गेली आणि तिथेच थांबली. ती जागची हलली नाही.

जावई हसला. "छोटी माझ्याकडे राहू दे. तिला माझी सवय आहे."

म्हणजे त्याला कळलं होतं. बावळट नव्हताच तो. लेक हातात आहे तोवर आई कुठं जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याने मोजून तेवढीच दोरी हातात ठेवली होती. आत्याच्या मनात आलं, गेंड्याला सोडावं. एका झेपेत संपेल सगळं. पण लेकरू त्याच्या कडेवर होतं. जिथं लेकरू असतं तिथं ताकद कुचकामी, ती लावायची कुठं?

तिने साखळी ओढायला घेतली.

टोळीतले दोघं ठोकळे घेऊन खाली बसले. फोरमनला तिने मेन स्विचपाशी उभं केलं आणि मी सांगेपर्यंत हलायचं नाही असं बजावलं. साखळी कडकड वाजत खाली येऊ लागली. मशीन हुंकारलं आणि केसभर उठलं. पलीकडून गेंड्याने पहारीवर अंग टाकलं. त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. भिंतीवरचा भार सुटला तशी विटांची भुकटी झरझर गळली. आणखी ओढ, आणखी. पाय भोकातून वर आला. पत्रा सरकवला, ठोकळे आत गेले. आता नुसतं टेकवायचं राहिलं होतं.

आत्या थांबली. कपाळाचा घाम दंडाने पुसला.

"जावईबापू," तिने हाक मारली. "मोटरचा पट्टा कुठल्या रेषेत येतो? आत्ता इकडे-तिकडे करता येतंय, एकदा टेकलं की परत सगळं उचलावं लागेल."

"फोरमनला विचारा."

"तो स्विचपाशी आहे. त्याला हलवून वीज चालू झाली तर? आणि मशीन तुमचं. चुकलं तर मला बोल नको. या, उभे राहून दाखवा."

तो उंबऱ्यात आला.

"लेकरू घेऊन नाही," आत्या म्हणाली. "वर बघा, काय लटकलंय."

त्याने वर बघितलं, चिमीकडे बघितलं आणि क्षणभर विचार करून छोटीला आईच्या हातात दिलं. "आई, हिला सोडू नकोस," असं स्पष्ट बजावून तो आत आला.

इथवर आत्याने मनात मांडलं होतं. ह्यापुढचं तिच्या हातात नव्हतं. ह्या विहीणबाईंशी ती आजवर लग्नात चार शब्द बोलली असेल, त्यातले दोन हवेबद्दल होते. मुलाच्या शब्दाबाहेर न जाणारी, भिंतीला धरून चालणारी बाई. ती काय करील, सांगता येत नव्हतं.

जावई वाकून पट्ट्याची रेषा बघत होता. "थोडं डावीकडे," तो म्हणाला. आत्याने पहारीवरच्या गेंड्याला खूण केली. "अजून." तिने अजून एक खूण केली. आणि त्याच्या खांद्यावरून दारातून दिसणाऱ्या रस्त्याच्या पट्टीकडे पाहिलं.

विहीणबाई छोटीला उराशी धरून उभ्या होत्या. चिमी त्यांच्यासमोर उभी होती. मग विहीणबाईंनी एक हात मोकळा केला, चिमीची घसरलेली बाही मनगटापर्यंत नीट ओढून दिली, आणि लेकरू तिच्या हातात दिलं. काम हातावेगळं केल्यासारख्या त्या वळल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

चिमी पळाली नाही. चालत ट्रककडे गेली.

जावई सरळ झाला तो नेमका तेव्हाच. आत्याच्या नजरेचा माग काढत त्याने दाराकडे पाहिलं. पुढच्या क्षणी तो झेपावला.

चेनपुली भार आपोआप धरून ठेवते; साखळी सोडून आत्या त्याच्याआधी दारात पोचली होती. त्याने तिला दोन्ही हातांनी ढकललं. तिचा खांदा चौकटीवर आदळला आणि दंडातून काहीतरी फाटत गेल्याची कळ बोटांपर्यंत आली. तो पुन्हा ढकलायला आला.

"आत्या," गेंडा ओरडला. पहार सुटू द्यावी की धरावी, अशा कैचीत तो सापडला होता.

"डोळे पहारीवर," आत्या म्हणाली. "खाली दोन माणसं आहेत."

मग तिने जावयाला पोतं धरतात तसं धरलं. एक हात काखेत, एक हात कमरेच्या पट्ट्यात. गुडघ्यांत वाकली आणि उचलला. तो धडधाकट पुरुष होता, पाय झाडत होता, तिचा खांदा पेटला होता. आजूबाजूला लोखंड, कडेला एक धारदार कडेचा लोखंडी ठोकळा, वर ताणलेली साखळी. क्षणभर ती त्याला घेऊन नुसतीच उभी राहिली. मग पावलं टाकत भिंतीकडच्या कागदाच्या गठ्ठ्यांपर्यंत गेली आणि त्याला वर बसवलं.

"बसा," ती म्हणाली. "मशीन अजून हवेत आहे."

बाहेर ट्रक खोकला, विझला, पुन्हा खोकला. दादा, आत्या मनात म्हणाली, आज तरी. इंजिन सुरू झालं. आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, वळला आणि लांब होत गेला.

गठ्ठ्यांवर बसलेल्या जावयाचे पाय जमिनीला पोचत नव्हते. उठला तर पुन्हा उचलला जाईल हे त्याला समजलं असावं. "मी पोलिसात जाईन," तो म्हणाला.

"जा. आता तीही जाऊ शकते. पण आधी मला हे खाली ठेवू द्या. लटकतं काम टाकून जाता येत नाही."

आणि तिने खरंच ते खाली ठेवलं. एका हाताने साखळी सोडत, दुसरा पोटाशी धरून, केसकेसभर सांभाळत. मशीन टेकलं, ते सपाट बसलंय का हे तिने लेव्हलची पाणनळी लावून बघितलं, एका पायाखाली पातळ पत्री सारायला सांगितली. भिंतीला टेकू दिले. तिची माणसं एक शब्द न बोलता सामान आवरत होती.

निघताना विहीणबाई दारात उभ्या होत्या.

"तुम्ही चला," आत्या म्हणाली. तिला आधी सुचलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

त्यांनी मान हलवली. "माझं आता इथंच." मग थोड्या थांबून म्हणाल्या, "वाऱ्यात छोटीचे कान दुखतात. टोपी घालत जा म्हणावं."

आतून मुलाने ते ऐकलं. त्याच्या चेहऱ्याकडे न बघता आत्या पायऱ्या उतरली.

*

सामान हातगाडीवर टाकून ते पायी परतले. माणसं पुढे गेली. गेंडा आत्याबरोबर मागे चालत होता.

"मला मुद्दाम पहारीवर ठेवलंस."

"हो."

"मी मारला असता त्याला."

"म्हणूनच."

त्याने वाटेतला दगड पायाने उडवला. "आणि तुझ्या हातात होता, तेव्हा तुला काही वाटलं नाही?"

आत्याने दुखरा खांदा सावरला. "उचलणं सोपं गेलं," ती म्हणाली. "त्या ठोकळ्याची कड शेजारीच होती. नुसते हात सोडले असते तरी झालं असतं. त्याला अलगद खाली ठेवणं, ते जड गेलं मला. एवढं जड मी आजवर काही उचललेलं नाही."

गेंड्याने तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, ही माझ्याच रक्ताची आहे. मग त्याने तिच्या खांद्यावरचं दोरखंडाचं भेंडोळं न विचारता काढून घेतलं.

घरी दादा दारातल्या पायरीवर बसले होते. रडून झालं होतं, चष्मा पुसून झाला होता. "पहिल्यांदा चालू होईना," ते म्हणाले, जणू हेच सांगायला थांबले होते. "मी म्हटलं, आता जर विझला तर मी खाली उतरून ढकलेन, पण मागे वळणार नाही."

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली. तिला ठाऊक नव्हतं, पण आता पटलं होतं.

चिमी आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. छोटी तिच्या मांडीवर झोपली होती. आत्या समोरच्या खुर्चीत टेकली. मनात होतं, ती रडेल, मिठी मारेल. चिमीने तसलं काहीच केलं नाही.

"दादा मागे एकदा आला होता," ती म्हणाली. दादा म्हणजे गेंडा, तिचा भाऊ. "गल्लीच्या टोकापर्यंत. मी माळ्याच्या खिडकीतून बघितलं. मग तू आलीस आणि त्याला दंडाला धरून परत घेऊन गेलीस."

आत्याला तो दिवस आठवला.

"मी वाट बघत होते. मला वाटलं, आता दार फुटणार. मी छोटीला कपडेसुद्धा घातले होते."

आत्याच्या ओठांवर पुष्कळ उत्तरं आली. जामीन, केस, त्याचा राग, कुणीतरी मेलं असतं, तूच सापडली असतीस मध्ये. सगळी खरी होती. आज दिवसभर तिने खरंच बोलून काम काढलं होतं. पण ह्या पोरीपुढे ती उत्तरं नुसती हुशारीची वाटली.

"त्याच्या हातून काही होऊ नये, एवढंच बघितलं मी," ती म्हणाली. "तू खिडकीत असशील, हे नाही बघितलं. चुकलं माझं, चिमे."

चिमीने मान खाली घातली. किती तरी वेळ ती लेकराच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग उठली, दोन पावलं आली आणि छोटीला आत्याकडे धरलं.

"घे हिला. माझे हात भरून आलेत. मी जरा आडवी होते."

आत्याचा उजवा हात वर येत नव्हता. तिने ते सांगितलं नाही. डावा हात पुढे केला, लेकरू कोपरात घेतलं आणि खुर्चीत मागे रेलली. चिमी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दार उघडंच होतं. ते लावू का असं आत्याने विचारलं, तर ती म्हणाली, "नको, राहू दे तसंच," आणि बघता बघता झोपून गेली.